शेतकऱ्याची निधन वार्ता चार ओळींतच का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात शेतकऱ्याच्या निधन वार्तेला चार ओळी मिळतात. त्या वाढवाव्यात, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. पत्र लांबलं आहे. कापायचा अधिकार आपला, पण मागणी तेवढी राहू द्यावी.

मी करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका गावात आपल्या पेपरची एजन्सी चालवतो. पूर्वी सायकलवरनं अंक टाकायचो, आता धाकटा मोटारसायकलवरनं टाकतो आणि मी वसुलीची वही सांभाळतो. एजन्सीबरोबर वार्ताहरकी आपोआप गळ्यात पडते. गावच्या वार्ताहराच्या बातम्या ठरलेल्या असतात : यात्रा, विकास सोसायटीची निवडणूक, शिवारात गवा आला आणि निधन वार्ता. यातली सगळ्यांत जास्त कोणती वाचली जाते, हे अंक वाटणाऱ्याला बरोबर कळतं. लोक पेपर हातात घेतात, मुंबई-दिल्लीच्या बातम्यांवरनं नुसती नजर टाकतात आणि थेट निधन वार्तेच्या पानावर जातात. कुणाचं रक्षाविसर्जन कधी आहे, कोणत्या पाहुण्यांकडं जायला पाहिजे, हे सकाळी नऊच्या आत ठरवायचं असतं.

आणि त्यात लिहिलेलं काय असतं? ‘येथील अमुक तमुक (वय ८८) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता आहे.’ संपलं. मुलगा सोसायटीत संचालक असेल किंवा वार्ताहराच्या ओळखीचा असेल, तर नावाआधी ‘प्रगतशील शेतकरी’ लागतं. नाहीतर नुसतं ‘येथील’. अशा किती वार्ता मी स्वतः फोनवरनं सांगितल्या असतील, याचा हिशेब नाही. नाव, वय आणि वार बदलला की झालं.

हे सगळं मला आता खटकायला लागलं, त्याला कारण एक परमुलखातला शेतकरी आहे.

आमची थोरली कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकली आणि पुढं अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावच्या विद्यापीठात गेली. जॉर्ज कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. गुलामीत जन्मलेला तो माणूस शेतीशास्त्र शिकला ते याच एम्सला. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये वरची पदवी घेऊन तो दक्षिणेत टस्कगीला शिकवायला गेला. थोरली मक्याच्या बियाण्यावर शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका शेतकऱ्याच्या नातवाशी तिनं लग्न केलं. गावात तेव्हा बरीच चर्चा झाली. त्यावर आमच्या मंडळींचं एकच उत्तर होतं : पोरगं शेतकऱ्याच्या घरातलं आहे ना, मग बास.

त्या शेतकऱ्याचं, म्हणजे माझ्या मुलीच्या आजेसासऱ्यांचं, गेल्या हिवाळ्यात निधन झालं. वय ९४. त्यांच्या तालुक्याच्या साप्ताहिकात आलेली निधन वार्ता थोरलीनं व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि मग फोनवर वाचून दाखवत तिचा अर्थ सांगितला. पानाचा उभा अर्धा भाग भरेल एवढी ती होती, वर दोन फोटो : एक तरुणपणचा लष्करी पोशाखातला आणि एक बियाणे कंपनीची टोपी घातलेला. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. माणूस मंत्री नव्हता, आमदार नव्हता. मका, सोयाबीन, डुकरं आणि दुभती गुरं, एवढाच त्यांचा धंदा.

त्यात काय काय होतं ते सांगतो. जन्म १९३० चा, कोणत्या घरात, आईचं माहेरचं नाव काय, हे सगळं. (आमच्याकडं त्या वयाचं अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं, कारण शाळेत मास्तरांनी तीच तारीख घातलेली असते.) शिक्षण आठवीपर्यंत, एका खोलीच्या शाळेत. कोरियाच्या लढाईच्या वेळी सक्तीच्या भरतीत दोन वर्षं फौजेत. १९५४ मध्ये लग्न. त्याच वर्षी वडिलांची जमीन खंडानं करायला घेतली, नंतर ती विकत घेतली. गावच्या अग्निशमन पथकात बिनपगारी काम, सहकारी धान्य कोठाराच्या संचालक मंडळावर काही वर्षं, चर्चच्या छपराची दुरुस्ती. पाच मुलं, त्यांचे नवरे आणि बायका, सगळ्यांची नावं आणि कोण कोणत्या गावात राहतं ते. नातवंडांची नावं. परतवंडांत आमच्या नातवाचंही नाव होतं, नाव मराठी आणि आडनाव तिकडचं. आमच्या मंडळींनी त्या ओळीवर बोट ठेवून शेजारणींना ती दाखवली. वाचता कुणालाच येत नव्हती.

एक ओळ माझ्या ध्यानात राहिली : तिन्ही मुलींचा बास्केटबॉलचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. जावयांना विचारलं तर ते म्हणाले, आयोवात मुलींचा सहा-सहा जणींचा वेगळा बास्केटबॉल होता, १९९३ पर्यंत चालला, आणि त्यासाठी गावंच्या गावं बंद ठेवून लोक सामन्याला जायचे. आपलं कोल्हापूर फुटबॉलवेडं, शाहू स्टेडियमवर बापलेक दोघं पेठेच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडतात. पण पोरीच्या कबड्डीच्या मॅचला बाप गेलाय, असं किती घरांत होतं? गुरांची धार सोडून ते मॅचला कसे जात असतील हे मला कळेना. विहीणबाई, म्हणजे जावयांच्या आई, त्या तीन मुलींतल्याच एक. त्यांनी सांगितलं की धार आधी उरकायची, आणि जनावरं तासभर लवकर उठवल्याबद्दल काही तक्रार करत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिकडं गेलो होतो, तेव्हा या आजोबांची, म्हणजे मुलीच्या आजेसासऱ्यांची, माझी भेट झाली. जुलै महिना, मका माणसाच्या डोक्याच्या वर. तिकडची सगळी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली आहे. मैल गुणिले मैलाचा चौकोन म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव १६० एकर, आणि मैलामैलावर सरळ रस्ता. त्या रस्त्यानं मी सकाळी बराच चाललो, शेतात एक माणूस दिसला नाही. मका मैलभर, माणूस शून्य. १९३५ च्या सुमारास आयोवात दोन लाखांहून जास्त शेतं होती, २०२२ च्या गणनेत ती ८७ हजारांच्या आसपास उरली. जमीन तेवढीच, माणसं गेली.

आजोबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडचा कुठलाही शेतकरी विचारेल तोच : जमीन किती? अडीच एकर, मी म्हणालो. जावयांनी सांगितलं तरी त्यांना ते घरामागच्या परड्याचं माप वाटलं असावं. मग त्यांनी पीक विचारलं. ऊस, म्हटलं, एकरी साठ टन. ते खुर्चीत सावरून बसले. त्यांचा मका एकरी २०० बुशेल, म्हणजे साधारण पाच टन. साठ टनाचा आकडा त्यांनी जावयांकडनं दोनदा खात्री करून घेतला. मग उसात पाणी किती, साखर किती, तोड कोण करतं, पैसे कधी मिळतात, असे प्रश्न सुरू झाले. शेवटच्या प्रश्नावर मी हसलो आणि तेही हसले. जावयांना काही सांगावं लागलं नाही. त्यांचा मका बराचसा इथेनॉलला जातो आणि आमच्या कारखान्यालाही आता साखरेपेक्षा इथेनॉलचा हुरूप जास्त. दोघांचा माल शेवटी गाडीच्या टाकीत.

संध्याकाळी त्यांनी मला शेताच्या कडेला एका ओढ्यावर नेलं. तिथं जमिनीतनं एक मातीचा नळ बाहेर आला होता आणि त्यातनं पाणी पडत होतं. तिकडची काळी रानं मुळात दलदलीची. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या आजोबांनी जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरले, पाणी निचरलं आणि मगच तिथं मका उभा राहिला. ते समजावून सांगायला लागले, तर मी त्यांना थांबवलं. शिरोळ तालुक्यात माझी बहीण दिली आहे. तिथं जास्त पाणी देऊन देऊन रानं क्षारपड झाली आणि आता शेतकरी कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून तीच जमीन परत आणतायत. मोबाइलवर मी त्यांना मेहुण्यांच्या रानातले चर दाखवले. त्यांनी चराची खोली विचारली, पाइपांतलं अंतर विचारलं. माणूस ऐंशीच्या पुढचा, पण बघून उगीच मान डोलावली नाही. ‘उतार बरोबर धरलाय का?’ एवढं विचारलं. मेहुण्यांना फोन लावून ते विचारावं लागलं.

आता थोडं त्यांच्या आयुष्याबद्दल, कारण ते त्या निधन वार्तेत होतं त्याहून बरंच जास्त होतं. १९३२ मध्ये मक्याचा भाव इतका पडला होता की कोळसा घेण्यापेक्षा मकाच शेगडीत जाळलेला परवडायचा, हे त्यांनी आईकडनं ऐकलेलं. १९३६ मध्ये आधी हाडं गोठवणारा हिवाळा आणि मग पीक करपवणारा उन्हाळा. त्याच वर्षी तिथं ग्रामीण विजेचा कायदा झाला. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायच्या, सरकारनं कर्ज द्यायचं आणि तारा ओढायच्या, अशी ती पद्धत. त्यांच्या घरी दिवा लागला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. सहकारातनं वीज येते, हे कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. आमच्याकडं सहकारातनं नदीचं पाणी माळावर चढलं.

१९७२ मध्ये रशियानं अमेरिकेकडनं प्रचंड धान्य घेतलं, भाव वर गेले आणि तिकडच्या कृषिमंत्र्यांनी, अर्ल बट्झ त्यांचं नाव, शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा म्हणून सांगितलं. बँका घरी येऊन कर्ज द्यायला लागल्या. जमिनीचे भाव वर्षावर्षाला वाढत होते. १९७९ मध्ये शेजारचं ऐंशी एकर विक्रीला निघालं. आजोबांची घ्यायची इच्छा होती, बँक तयार होती. आजी नाही म्हणाल्या.

लग्नापासनं हिशेबाची वही आजींकडं होती. कोंबड्यांच्या अंड्यांवर किराणा चालायचा, तोही त्या वहीत. त्यांनी व्याज आणि मक्याचा भाव शेजारी शेजारी मांडून दाखवला आणि सांगितलं की हे पुस्तक जुळत नाही. नवरा-बायकोत महिनाभर अबोला होता, असं विहीणबाई सांगतात. पुढं १९८० च्या जानेवारीत अमेरिकेनं रशियाची धान्यविक्री थांबवली, व्याजदर चढत गेले आणि आयोवातली जमीन १९८१ मध्ये सरासरी एकरी २,१४७ डॉलर होती ती १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. ज्यानं ते ऐंशी एकर घेतलं, त्याचं आधीचं घर-रानही लिलावात गेलं. त्या वर्षांत तिकडं कोर्टकचेऱ्यांसमोरच्या हिरवळीवर शेतकरी पांढरे क्रूस रोवत होते, एकेका बुडालेल्या शेताच्या नावानं. तिकडंही शेतकऱ्यांनी जीव दिले.

हे निधन वार्तेत नव्हतं. आजींबद्दल ‘प्रत्येक कामात साथ देणारी सहचारिणी’ एवढंच होतं. ज्या बाईच्या एका नकारावर घराची जमीन टिकली, तिच्या वाट्याला तिकडंही एक ओळ. तेव्हा अमेरिकेतलं सगळं चांगलं आणि आमचं वाईट, असं मी म्हणतोय असं कुणी समजू नये. त्यांच्या वार्तेत आणखीही एक गोष्ट नव्हती. एक दिवस जावयांनी मला टामा नावाच्या गावाकडं नेलं. तिथं मेस्क्वाकी नावाचे मूळचे लोक आहेत. सरकारनं त्यांना आयोवातनं हुसकून लावलं होतं. १८५७ मध्ये त्यांनी आपलीच जमीन, ऐंशी एकर, रोख पैसे देऊन परत विकत घेतली. आजोबांच्या पणजोबांनी जमीन केव्हा घेतली ते वार्तेत होतं. त्याआधी ती कुणाची होती, ते नव्हतं. कुळकायद्यात जमीन गेलेल्या आणि मिळालेल्या घरांत वाढलेला मी, माझं लक्ष अशा ठिकाणी जातंच.

डुकरांचा धंदा त्यांनी १९९८ च्या डिसेंबरात बंद केला. तेव्हा भाव इतके पडले की जनावर विकून आलेल्या पैशात खाद्यही निघेना. ऑगस्ट महिन्यात डे मॉइनला मोठी जत्रा भरते, तिथं खऱ्या लोण्याची आख्खी गाय करून काचेत ठेवतात. नातवंडांना घेऊन ते दरवर्षी जायचे आणि त्या लोण्याचं पुढं काय करतात हा एकच प्रश्न दरवर्षी विचारायचे. १० ऑगस्ट २०२० ला तिकडं मोठं वादळ झालं, मैलोन्‌मैल मका आडवा झाला आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या चेपल्या. तेव्हा ते नव्वदीचे होते. थोरलीनं फोटो पाठवले ते बघून आमच्या मंडळींना २०१९ चा ऑगस्ट आठवला. आमचा ऊस पाण्याखाली, त्यांचा मका जमिनीवर.

आजींना शेवटी विस्मरणाचा आजार झाला. घरी सांभाळणं अशक्य झालं तेव्हा त्यांना गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं. आजोबा रोज दुपारी जायचे आणि पेपरातले बाजारभाव त्यांना वाचून दाखवायचे : मका, सोयाबीन, डुकरं, वायदे, सगळे. मुलांची नावं आजींना आठवत नव्हती. पण भाव उतरला असं ऐकलं की कपाळाला आठी पडायची. २०१९ मध्ये त्या गेल्या. हेही वार्तेत नव्हतं. ‘पत्नीची अखेरपर्यंत सेवा केली’ एवढं होतं. असो. पानभर जागा असली तरी माणूस सगळा मावत नाही, हे मलाही कळतं.

पण चार ओळींत तर काहीच मावत नाही, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे.

आता आमच्या गावातलं सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले तात्या गेले. आपल्या अंकात आलं : ‘येथील … (वय ९०) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले.’ ती वार्ता मीच सांगितली होती, साच्याप्रमाणं. आता साचा बाजूला ठेवून लिहितो.

तात्या गुळवे होते. ज्यांना गुऱ्हाळ माहीत नाही अशी पिढी आता कोल्हापुरातही आहे, म्हणून सांगतो. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस आटतो, भेंडीच्या चिकट पाण्यानं त्यातली मळी वर येते, ती काढत राहायची. चुलवाणात जळण घालणारा जळव्या खाली बसलेला, आणि वर उभ्या गुळव्यानं ठरवायचं की पाक कधी उतरवायचा. घडीभर आधी उतरवला तर गूळ चिकट, घडीभर उशिरा तर काळा. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. तात्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचे, बोटांनी गोळी बघायचे, पण आधी ऐकायचे. पाकाचा आवाज बदलतो, असं ते म्हणायचे. शेजारच्या चार गावांतनं त्यांना हंगामात बोलावणं यायचं. त्यांच्या हातचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, बैलगाडीतनं कोल्हापूरला जायचे, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत, आणि अडत्या पोत्यावरचं गाव न बघता रंगावरनं माणूस ओळखायचा. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण अर्धं पान बातमी छापली होती. त्या बातमीत एकाही गुळव्याचं नाव नव्हतं.

तात्यांचे वडील कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं त्यांचं तीस गुंठे रान त्यांच्या नावावर झालं. तात्यांनी त्यावर मोट हाकली, मग चौघा भावबंदांत मिळून ऑइल इंजिन घेतलं, मग पाणीपुरवठा संस्थेचे सभासद झाले. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची हाक आली तेव्हा त्यांनी दहा गुंठे बायकोच्या नावावर केले. भावकी हसली. काकू सही करायला शिकल्या त्या सातबाऱ्यासाठी. २०१९ च्या महापुरात बोट दारात आली तर म्हणाले, आधी म्हशी. म्हशी निघाल्यावरच स्वतः उतरले. बोटीवरची पोरं चिडली होती, पण पुढं तीच पोरं त्यांना खांदा द्यायला होती.

यातलं एक अक्षर आपल्या अंकात आलं नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. चौकात मात्र दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्यावर तात्यांपेक्षा मोठे फोटो ज्यांचे होते त्यांतल्या निम्म्यांनी तात्यांच्या हातचा गूळ खाल्लेला नाही. फ्लेक्सचे पैसे दिले गेले. पेपरात दोनशे शब्द पैसे न देता छापून आले असते तर घरच्यांनी फ्लेक्स लावलाच नसता असं मी म्हणणार नाही, पण पोरांनी कात्रण तरी जपून ठेवलं असतं.

तिकडं अशी वार्ता घरचे लिहितात आणि बऱ्याचदा पैसे भरून छापून घेतात. ती पद्धत आपण उचलू नये. पैसे घ्यायला लागलो तर तीस गुंठेवाला पुन्हा चार ओळींतच राहील आणि साखरसम्राटाला पान मिळेल. ते त्याला आताही मिळतंच. शिवाय तिकडची अवस्थाही चांगली नाही. २००५ नंतर अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली. आजोबांचं साप्ताहिक अजून गुरुवारी निघतं, पुढं किती वर्षं निघेल याची जावयांनाही खात्री नाही. तिकडं साप्ताहिक गेलं की तालुक्यातली माणसं कागदावर कुठंच राहत नाहीत. आपला पेपर अजून गावात येतो, वाचला जातो, चहाच्या टपरीवर एक अंक दहा जण वाचतात. म्हणूनच हे आपल्याला लिहितोय.

माझी सूचना अशी. रोजच्या चार ओळी राहू द्या, त्या रक्षाविसर्जनासाठी लागतात. त्याशिवाय आठवड्यातनं एकदा, सोमवारी म्हणा, दोनशे शब्दांची एक वार्ता घ्या, एका शेतकऱ्याची किंवा शेतकरी बाईची. तालुका फिरता ठेवा : करवीर, कागल, शिरोळ, भुदरगड, असं. माणूस काय पिकवत होता, पाणी कुठनं आणलं, कोणती जात पहिल्यांदा लावली, कशात हात धरणारं कुणी नव्हतं, हे त्यात यावं. पदं, सत्कार आणि कुणा नेत्याशी जवळीक, हे वगळावं. बायकोचं आणि मुलींचं नाव लिहावं, ‘पत्नी, तीन मुली’ असं मोघम नको. बाई गेली तर ती कुणाची मातोश्री हे शेवटी यावं, आधी तिनं काय केलं ते. लिहायला माणूस मिळत नाही, ही अडचण सांगू नका. प्रत्येक घरात एक नातू किंवा नात दिवसभर मोबाइलवर टाईप करतच असते. त्यांना आजोबांबद्दल काही माहीत नसेल, तर विचारायला तेवढंच निमित्त. शुद्धलेखन आपले उपसंपादक बघतील. आमच्या गावापुरतं मी बघीन, त्याचं मानधन नको.

खरं-खोटं कसं तपासायचं, हा प्रश्न आपण विचाराल. आम्ही वार्ताहर कशासाठी आहोत? गुळव्या नसलेल्याला गुळव्या म्हणून छापलं, तर दुसऱ्या दिवशी अंक परत येतील, हे मी अनुभवानं सांगतो.

सोबत तात्यांची दोनशे शब्दांची वार्ता वेगळ्या कागदावर जोडली आहे. त्यांच्या धाकट्या नातीनं ती लिहिली, मी फक्त दोन तारखा घातल्या. वार्ता शिळी झाली असं वाटलं तर वर्षश्राद्धाला छापावी. फोटोही आहे, पण सोसायटीच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यावर शिक्क्याची एक कड आली आहे. जागेसाठी काही गाळायचं असेल तर मोटेचं गाळा. काहिलीचं आणि काकूंच्या सातबाऱ्याचं गाळू नका.

आपला,
एक जुना पेपरवाला
ता. करवीर, जि. कोल्हापूर